दुसरी सही

कौमुदीने बाबांच्या हातातला रिमोट काढून घेतला आणि टीव्ही बंदच केला.

"तोच सीन. चौथ्यांदा."

बाबा काळ्या पडद्याकडे बघत राहिले. मांडीवर वही, बोटात पेन. नोव्हेंबरचा रविवार, चारच वाजले होते आणि आयर्लंडमधल्या शॅननमध्ये अंधारून आलं होतं. एक विमान घरावरून खाली उतरत गेलं. किचनच्या कपाटातल्या बशा किणकिणल्या.

सिरियल जुनी होती. आई-बाबांचं नवीन लग्न झालं तेव्हा नागपूरला केबलवर दर गुरुवारी लागायची. लाल गाडी, आग विझवणारे, आणि दोन मिशीवाले पॅरामेडिक, जे कुणालाच मरू द्यायचे नाहीत. आई पोळ्या लवकर आटपून बसायची. सुरुवातीचा सायरन ऐकला की कुठला भाग ते सांगायची, आणि कधी चुकायची नाही. इथे आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्या एनिस गावात, जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमध्ये तिला सगळ्या भागांच्या डीव्हीडींचा डबा सापडला. बसमध्ये तो मांडीवर धरून आणला तिने. सहा वर्षांच्या कौमुदीला त्या मिशांचं फार हसू यायचं.

"हसू नकोस गं," आई म्हणायची. "मला काही झालं ना, तर हेच दोघं हवेत."

मागच्या फेब्रुवारीत झालं. किचनच्या फरशीवर. ॲम्ब्युलन्सला बावीस मिनिटं लागली. तोवर बाबा आईची छाती दाबत होते, सिरियलमध्ये दाबायचे तशी. कौमुदी फोन कानाला लावून दारात उभी होती.

नंतर तिने शाळा सोडली. लीव्हिंग सर्ट, म्हणजे इथली बारावीची परीक्षा, चार महिन्यांवर होती. प्रिन्सिपल गोड आवाजात म्हणाली, हवा तेवढा वेळ घे, तर हिने दप्तर तिच्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि निघून आली. बाबा ओरडलेसुद्धा नाहीत. त्याचाच तिला जास्त राग आला. ते फक्त सिरियल लावायचे, रोज. तिला वाटायचं, आईची आठवण काढतायत. पण बाबा कुणाच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हते, हे तिच्या लक्षात आलं होतं. ते पॅरामेडिकच्या हातांवर थांबवायचे. एकेक सेकंद मागे, एकेक सेकंद पुढे.

सप्टेंबरपासून ती दर सोमवारी गावातल्या क्लबच्या हॉलमध्ये फर्स्ट रिस्पॉन्डरच्या क्लासला जायची; ॲम्ब्युलन्स येईपर्यंत काय करायचं ते तिथे शिकवत. शिकवणारी शिवॉन रिटायर्ड नर्स होती. मागच्या सोमवारी रबरी बाहुल्यावर वाकून ती म्हणाली, कोपर सरळ हवेत, खांद्यांचं वजन खाली गेलं पाहिजे. टीव्हीवर बघून शिकू नका. तिथे कोपर वाकवून नुसतं वरवर दाबतात, नाहीतर खालच्या नटाच्या बरगड्या मोडतील. सगळे हसले. कौमुदी जॅकेट उचलून बाहेर पडली आणि पावसात चालत घरी आली.

"लाव परत," बाबा म्हणाले.

"बाबा, नको."

"बरं. राहू दे. मग एक विचारायचंय."

काय विचारणार ते तिला माहीत होतं. सहा दिवस उत्तर तयार ठेवलं होतं तिने. हो बाबा, असंच करतात. तुम्ही बरोबर केलंत. एकदम बोलून टाकायचं, डोळ्यात बघून.

बाबांनी वही तिच्याकडे सरकवली.

ते मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यात, क्वालिटीत. तिथला नियम घरात सगळ्यांना पाठ होता: एकाने तपासलेलं म्हणजे तपासलेलं नाही. ओळीपुढे दोन सह्या लागतात, नाहीतर ती ओळ धरत नाहीत. बाबा दुधावरची तारीख बघायला लागले की आई चिडवायची, "अहो, दुसरी सही कुणाची?"

वहीत रकाने होते. सगळं इंग्रजीत, कारखान्यात लिहायचे तसं. भाग, मिनिट, सेकंद. हातांची जागा: बरोबर. वेग: बरोबर. कोपर: वाकलेले; फर्स्ट एडच्या पुस्तकात सरळ. मीही वाकलेलेच ठेवले. चूक. प्रत्येक ओळीपुढे बाबांची सही, आणि तिच्या शेजारी रिकामी चौकट.

बाबांना आधीच माहीत होतं. तयार उत्तर आता उपयोगाचं नव्हतं.

"तू क्लासला जातेस," बाबा म्हणाले. "नीट तपास. आणि सही कर."

वही भिंतीवर फेकावी असं तिला वाटलं. तिने पेन घेतलं. पहिल्या दोन ओळींपुढे सही केली. तिसरीपुढे पेन तसंच धरून बसली. मग ती ओळ सोडून खाली नवीन लिहिली: फोन कौमुदीकडे होता. ती दारातच उभी राहिली. पुढे गेली नाही. चूक. त्यापुढे स्वतःची सही केली आणि वही परत ढकलली.

"ह्याच्यावर तुमची."

बाबांनी वाचलं. चष्मा काढून, पुसून, परत वाचलं. मग तिच्या हातातून पेन घेतलं आणि त्याला टोपण लावलं.

"नाही," ते म्हणाले.

"मग वरच्या ओळीवर माझीपण नाही."

वही सोफ्यावर दोघांच्या मधे उघडीच पडली होती. घर आता पुरतं अंधारलं होतं, पण दिव्याला कुणी उठलं नाही.

"लाव काहीतरी," बाबा म्हणाले. "कुठलाही भाग."

कौमुदीने डब्यातून हाताला लागली ती डीव्हीडी काढून लावली. सायरन वाजला. कुठला भाग ते दोघांनाही ओळखता आलं नाही.