सोळा नंबरची खिडकी

मी एक जुने घर आहे, मित्रांनो. ग्लासगोकडच्या ऑकेनलॉ गावातले, हॉथॉर्न रोडवरचे, चौदा नंबरचे. माझ्या खिडक्यांवर आता फळ्या ठोकल्या आहेत, आणि परवापासून कुंपणाबाहेर एक पिवळे यंत्र येऊन उभे आहे. त्याचे काम सुरू होण्याआधी माझी हकीकत ऐकून घ्या. शेवटी एक विनंती आहे.

मला कोणी विटेवर वीट रचून बांधले नाही. महायुद्ध नुकतेच संपले होते, खाणीतली माणसे ओल्या चाळींत दाटीवाटीने राहत होती आणि सरकारला घरांची घाई झाली होती. म्हणून मोठाले साचे उभे करून त्यांत खडी आणि सिमेंट ओतले. वाळू नावालाही नाही. गुळाच्या ढेपा निघाव्यात तशी आम्ही सगळी घरे एका मापाची निघालो. वाळू नसल्यामुळे माझ्या भिंतींच्या पोटात बारीक बारीक पोकळ्या राहिल्या. त्यांत ऊब साठेल, असे साहेब लोक म्हणत होते. ऊब काही साठली नाही. आवाज मात्र साठले.

शेजारचे सोळा नंबर माझे जुळे भावंड. आम्हा दोघांत भिंत एकच आहे.

माझ्याकडे इशबेल गेमेल, तिचा खाणकामगार नवरा ड्रू आणि तान्ही मोरॅग राहायला आली. जन्मात पहिल्यांदा घरात न्हाणीघर मिळाले, तर इशबेल कोट-बुटांसकट कोरड्या टबात जाऊन बसली.

"बाहेर ये की आता," ड्रू म्हणाला.

"बसू दे जरा. उद्या कोणी परत मागितलं तर?"

तिचे ते हसू अजून माझ्या वरच्या भिंतीत आहे.

आमची कुलपेही घाऊक आणलेली होती, त्यामुळे एकाची चावी दुसऱ्याला खुशाल लागे. सकाळची पाळी करून दुपारी दमून आलेला ड्रू कितीदा तरी सोळा नंबरात शिरायचा. तिथे एफी टॅनॉक एकटीच राहायची. तिचा नवरा आर्ची युद्धात मारला गेला होता, आम्ही बांधली जाण्याच्या आधीच. एकदा ड्रूने तिच्या शेकोटीपाशी बूट काढले, तिचा रस्सा ओरपला आणि मान वर न करता म्हणाला, "इशबेल, आज मीठ कमी आहे."

"इशबेल शेजारी आहे," एफी म्हणाली. "मीठही तिकडेच असेल."

त्या दिवशी इशबेलने शेकोटीवरच्या फळीवर मांडलेल्या चिनी मातीच्या दोन कुत्र्यांपैकी एक उचलला आणि पुढच्या खिडकीत ठेवला. अशी कुत्र्यांची जोडी त्या काळी घरोघरी असे, पण खिडकीत कोणी ठेवत नसे. "हा दिसेल ते तुझं घर. कळलं का, आंधळ्या?"

तेव्हापासून ड्रू चुकला नाही.

मग एका सकाळी खाणीत छत कोसळले आणि ड्रू त्याखाली गेला. कोणाकडे मरण आले की सगळ्या रस्त्याने खिडक्यांचे पडदे ओढून घ्यायचे, हा आमच्याकडचा रिवाज. बातमी आली आणि घरामागून घर डोळे मिटत गेले. कुत्राही पडद्याआड गेला. दुपारी पाळी सुटल्याचा भोंगा झाला. माझ्या पायरीवर कोणीतरी बुटांची माती झटकली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. माझ्या दाराची मूठ थंडगार झाली, किंचित फिरली आणि थांबली. तो मागे झाला, खिडकीकडे पाहत उभा राहिला असावा. मग पावले वळली आणि सोळा नंबरात गेली.

मी ओरडले असते, मित्रांनो. पण घराला दार असते, तोंड नसते.

त्या दिवसांत एफीने इशबेलला पोटच्या पोरीसारखे सांभाळले. उपकार फेडायचे म्हणून इशबेलने खिडकीतला तो कुत्राच तिला देऊन टाकला. "मला आता कोणाला खूण दाखवायची आहे?" एफीने तो आपल्या खिडकीत मांडला. झाले. रोज दुपारी भिंतीपलीकडे बूट वाजू लागले, खुर्ची सरकू लागली, खोकला येऊ लागला. थोड्याच दिवसांत दोन कप मांडल्याचा आवाजही येऊ लागला.

इकडे इशबेल पडदा वर करेना. भिंतीला कान लावून बसायची.

"एफी, तुझ्याकडे खोकतं कोण गं?"

"नळात हवा धरते, बाई. दुसरं काय?"

एफीचा मला फार राग येई. मधली भिंत एक असली तरी मी तिच्या बाजूला कधी ऊब जाऊ दिली नाही.

वर्षे गेली. मोरॅग परिचारिका होऊन ग्लासगोला गेली. खाण बंद पडली, भोंगाही थांबला. ड्रूची पाळी मात्र रोज सुटत राहिली.

इशबेलने अंथरूण धरले तेव्हा एफी एका सकाळी एप्रनमध्ये काहीतरी गुंडाळून आली. तिने तो कुत्रा पलंगावर ठेवला आणि सगळे सांगून टाकले. इशबेलने कुत्रा जवळ ओढला.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून." एफी म्हणाली. "आर्चीने हे घर पाहिलंच नाही गं. तो आलाच तर जुन्या चाळीत जाणार, आणि तिथे आता गवत आहे. माझ्या दारात पुरुषाचे बूट वाजले, मला ते घालवता आले नाहीत."

"कसा आहे तो?"

"खोकला तसाच आहे."

"साखर किती घालायचीस?"

"तीन चमचे."

"चोरटे," इशबेल म्हणाली, "माझ्याकडे तो दोनच घ्यायचा." आणि मग दोघी रडल्या.

एफीने पडदा वर केला, कुत्रा खिडकीत ठेवला. त्या दुपारी माझी मूठ थंड झाली आणि पुरती फिरली. जिन्याची एकेक पायरी वजनाने दबली. घर म्हणून मला जे सुख कळते, ते मला त्या दिवशी कळले. भिंतीपलीकडे एफी एकच कप घेऊन बसली होती.

इशबेल एका सकाळी गेली, ग्लासगोहून आलेल्या मोरॅगच्या हातावर. माणूस गेले की लगेच खिडकी उघडायची, म्हणजे जीव अडकत नाही, असे आमच्याकडे मानतात. मोरॅग उठली, तर एफी खुर्ची घेऊन खिडकीलाच पाठ लावून बसली.

"एफीमावशी, हो बाजूला."

"पाळी सुटू दे. तो कामावर आहे."

"कसली पाळी? खाण बंद होऊन युग लोटलं."

"आता उघडलीस तर ती एकटी जाईल. मी इतकी वर्षं अडवलं, आज आणखी नको. बस."

मोरॅग बसली. दुपार झाली. खाली पायरीवर बूट झटकले गेले. जिना दबत दबत वर आला, आणि मोरॅगने आईचा हात घट्ट धरला, कारण तिच्या शेजारी पलंगाची कड खाली गेली होती. तेव्हा एफी उठली आणि तिने खिडकी सताड उघडली. वारा आत यायला हवा होता. तो बाहेर गेला. थोड्या वेळाने एफीने खिडकी लावली, डोळे पुसले आणि आपल्या रिकाम्या घरी गेली.

माझा राग त्या दिवशी संपला.

मोरॅग दोन्ही कुत्रे घेऊन गेली. पुढे माझ्यात कितीतरी बिऱ्हाडे आली आणि गेली. भिंतींना ओल आली, छत गळू लागले, दुरुस्तीला कोणी फिरकले नाही. एफीही एका हिवाळ्यात गेली, तेव्हा तिच्यापाशी कोणीच नव्हते. नगरपालिकेची माणसे आली, तिला घेऊन गेली आणि दाराला कुलूप घालून निघाली. खिडकी उघडायचे त्यांना कोण सांगणार?

म्हणून ही विनंती, मित्रांनो. घरात माणसे राहताहेत तोवर त्याची डागडुजी करा, आणि पाडायचेच असेल तर आधी आत कोण आहे ते पाहा. भिंतीपलीकडे अजून रोज दुपारी कप मांडल्याचा आवाज येतो. दोन कप. आर्चीला हे घर सापडणार नाही; एफीला तरी त्याच्याकडे जाऊ द्या. यंत्र सुरू करण्याआधी एक फळी काढा आणि वरची खिडकी उघडा. माझी नको, मी रिकामे आहे. सोळा नंबरची. आम्ही दोन्ही घरे दिसायला सारखीच. तेवढी गल्लत होऊ देऊ नका.