मला फक्त झटका कळतो

मी एक जुना रिमोट आहे आणि मी रागात आहे, हे आधीच सांगून टाकतो. मित्रांनो, तुम्ही अशा आत्मकथा पुष्कळ वाचल्या असतील. फाटकी छत्री रडते, तुटकी खुर्ची उसासे टाकते आणि शेवटी दोघी तुम्हाला वस्तू जपायला सांगतात. मला कुणी जपले नाही, ही माझी तक्रार नाही. मला डोक्यावर चढवून ठेवले, ही माझी तक्रार आहे.

मी टीव्हीचा रिमोट नव्हे. मी व्हिडिओ गेमचा, हातात धरून हलवायचा रिमोट. एके काळी पांढरा होतो, आता चहाबाज माणसाच्या दातांसारखा पिवळट झालो आहे. माझ्या पोटात नखाएवढी एक चकती आहे. मला कुणी हलवले की तिला झटका बसतो आणि तो केवढा होता, हे मी टीव्हीखालच्या डब्याला कळवतो. माझी सगळी विद्या एवढीच. खांदा फिरला की नुसते मनगट, धरणारा उभा आहे की लोळतो आहे, यातले मला ओ की ठो कळत नाही.

पण माझ्या खोक्यावर काय छापले होते? ‘तुम्ही जसे हलाल, तसेच खेळाल.’ चित्रात आई, वडील, मुले सगळी हवेत उडालेली आणि सगळ्यांचे दात दिसत होते. ही थाप मी मारलेली नाही. ज्याने मारली तो आरामात घरी बसला आणि लोकांच्या घरी जाऊन तोंड दाखवायची पाळी माझ्यावर आली.

पहिल्या घरात सुरुवात मात्र छान झाली. तिथे आई, वडील, त्यांची मुलगी आणि मुलीची आत्या राहत. आत्याने बटणांची अशी धास्ती घेतली होती की खेळाच्या वस्तूला ती हातसुद्धा लावत नसे. मुलीने मला तिच्या हातात कोंबले.

“आत्या, काही दाबायचं नाहीये. चेंडू टाकल्यासारखं कर, बस.”

आत्याने चष्मा सारखा केला, हात मागे नेला आणि टाकला. पडद्यावरच्या दहाच्या दहा लाकडी बाटल्या आडव्या झाल्या. ती इतकी हसली की तिला खाली बसावे लागले. ज्यांना कुणी खेळायला घेत नाही, त्यांना मी घेतो. हे माझे खरे मोठेपण आहे आणि त्याबद्दल कुणी नाक मुरडलेले मी खपवून घेणार नाही.

पण महिन्याभरात मुलीला माझे गुपित कळले. सोफ्यावर आडवे पडून, एका हाताने बिस्कीट खात, मनगट नुसते उडवले तरी बाटल्या तशाच पडतात. आत्या उभी राहून घाम गाळायची आणि तिची लोळणारी भाची जिंकायची. मग आत्याही बसली, आणि बसल्यावर तिला त्यात काही गंमत वाटेना. वडिलांचे याच्या उलट. टेनिस खेळताना ते असे पेटायचे की मला मनगटाशी बांधायचा पट्टा आहे, हेच विसरायचे. एका रविवारी मी त्यांच्या घामेजलेल्या हातातून सुटलो तो थेट टीव्हीच्या काचेवर. “हा रिमोटच निसरडा आहे,” ते म्हणाले. पट्टा त्यांच्या डोळ्यांसमोर लोंबत होता आणि बोल मला. त्यानंतर तीन वर्षे मी एका ड्रॉवरमध्ये, गळक्या सेलांच्या शेजारी काढली.

शेवटी आईने मला आणि माझ्या डब्याला पिशवीत घालून एका फिजिओथेरपी केंद्राला देऊन टाकले. हे केंद्र टायरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होते. तिथे एका भिंतीवर उभी लाकडी पट्टी ठोकली होती आणि तिला खालपासून वरपर्यंत खाचा होत्या. आखडलेल्या खांद्याच्या माणसाने तिच्यासमोर उभे राहायचे आणि बोटे एकेका खाचेने वर चढवायची. जिथे बोटे थांबतील, तिथे ताई खडूने रेघ ओढून तारीख घालायची. ताई म्हणजे तिथली फिजिओथेरपिस्ट. या पट्टीला सगळे ‘बोटांची शिडी’ म्हणत आणि तिच्या नावाने बोटे मोडत, कारण ती दुखवायची आणि कौतुक म्हणून करायची नाही.

केंद्राच्या मालकांना सगळे मोठे डॉक्टर म्हणत. मला पाहून त्यांना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. “पेशंटना खेळायला लावा, दुखणं विसरतील,” ते म्हणाले. त्यांनी एक अगडबंब टीव्ही मागवला आणि भिंतीवर दुसरीकडे जागा नाही म्हणून तो नेमका शिडीवर टांगला. खडूच्या सगळ्या रेघा त्याच्यामागे गेल्या. खोटे कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. त्या गुदगुल्यांचा मला आज सर्वांत जास्त राग येतो.

त्याच आठवड्यात एक रंगारी आला. कामावर उंचावरून पडून त्याच्या उजव्या दंडाचे हाड मोडले होते. हाड जुळले, पण महिनाभर गळ्यात अडकवलेल्या हाताचा खांदा पार आखडला होता. ताईने कोनमापक लावून पाहिले. हात जेमतेम छातीपर्यंत येत होता, पंचाहत्तर अंश.

“काका, काम काय करता?”

“छतं रंगवतो.”

“आणि भिंती?”

“भिंती कुणीही रंगवतं, ताई. मान मोडून, हात वर धरून, खाली एक थेंब न पाडता छत करायचं, ते काम. खोलीत शिरल्यावर कुणी वर बघत राहिलं, तर समजायचं तिथं मी येऊन गेलोय.”

ताईने कोनमापक खाली ठेवले. मग म्हणाली, “तुम्हाला खोटी आशा लावत नाही. पुढचे तीन महिने महत्त्वाचे. त्यात खांदा जेवढा सुटेल तेवढा सुटेल. नंतर फार जड जातं.”

त्याची बायको शेजारी उभी होती. तिने तीन महिने म्हणजे कुठली तारीख, हे बोटांवर मोजून घेतले.

पहिल्या दिवशी ताईने मला त्याच्या हातात दिले आणि टेनिस लावले. चेंडू आला, त्याने हात उचलला, आणि तो हात खांद्याच्याही वर गेला. त्याला ते कळलेच नाही, तो चेंडूकडे बघत होता. ताईने त्याचा कोपर खालून धरला होता, तिला कळले. “बघितलंत?” ती म्हणाली, आणि रंगाऱ्याची बायको तोंडावर हात ठेवून हसली. मित्रांनो, त्या क्षणी मी खरोखर औषध होतो. कोपराखाली ताईचा हात होता तोवर.

पण ताईकडे एका वेळी आठ पेशंट. दुसऱ्या आठवड्यात मोठे डॉक्टर दारातून म्हणाले, “त्यांच्यापाशी कशाला उभी राहतेस? मशीन मोजतंय ना सगळं.” ताईने दोन दिवस हो-ना केले आणि तिसऱ्या दिवशी ती दुसऱ्या पेशंटकडे गेली. कोनमापक खुंटीला लागले. फायलीत अंशांऐवजी माझे गुण लिहायला सुरुवात झाली.

रंगारी एकटा राहिला. खांदा वर नेला की कळ यायची. एके दिवशी कळ आली म्हणून त्याने कोपर बरगडीला चिकटवला आणि मनगट उडवले. पडद्यावरच्या खेळाडूने झोकात हात डोक्यावर नेऊन फटका मारला. ‘उत्तम’ अशी अक्षरे आली. रंगारी काही लबाड माणूस नव्हता. पडद्यावरचा हात वर जाताना दिसत होता आणि तो आपल्यामुळे जातो आहे, एवढे त्याला समजत होते. तो ते बघून समाधानाने घरी जायचा. आणि मी, गाढवासारखा, दर झटक्याला बरोबर, बरोबर, बरोबर म्हणत होतो. दुसरे मला काही म्हणताच येत नाही.

सहा आठवड्यांत गुण चाळीसवरून तीनशेवर गेले. मोठ्या डॉक्टरांनी तो आलेख पाहुण्यांना दाखवायला दाराशी लावला. रंगाऱ्याची बायको एक दिवस त्या आलेखासमोर उभी राहिली.

“डॉक्टर, घरी यांचा शर्ट अजून मीच घालते. हात बाहीत जात नाही वर.”

“सवय हो, बाई. तुम्ही घालता म्हणून ते घालून घेतात. आकडे खोटं बोलत नसतात.”

“शर्ट मी घालते, आकडे नाही घालत.”

डॉक्टर हसले. मोठी माणसे ऐकायचे नसले की हसतात, हे मी तिथे शिकलो. त्यांनी ‘कामास योग्य’ असा कागद सही करून दिला. रंगारी इतका भारावला की म्हणाला, “साहेब, तुमच्या या खोलीच्या छताला ओल आलीय. पहिलं काम तुमचं करतो.”

दुसऱ्या सकाळी तो घोडा म्हणजे घडीची शिडी, बादली आणि रोलर घेऊन आला. सगळे बघायला जमले. मी टेबलावर होतो. बायकोने घोडा धरला, तो चार पायऱ्या चढला, रोलर रंगात भिजवून निथळून घेतला आणि हात उचलला. हात खांद्यापर्यंत आला आणि थांबला. त्याने दात आवळून जोर केला. हात तिथेच. छत दोन हात वर होते.

मग त्याने काय केले, ते सांगताना माझा आजही संताप होतो. त्याने कोपर बरगडीला चिकटवला आणि मनगट उडवले.

रंगाचे चार शिंतोडे बायकोच्या केसांवर पडले. त्याने पुन्हा मनगट उडवले, पुन्हा वर बघितले. महिनाभर तो फटका लागत होता, आज का लागत नाही, हे त्याला समजत नव्हते. हळूहळू समजले. ज्या माणसाने आयुष्यात एक थेंब खाली पाडला नव्हता, तो बायकोच्या केसांकडे बघत घोड्यावर उभा राहिला.

“खाली या,” बायको म्हणाली. “केस धुता येतात.”

ताईने खुंटीवरचे कोनमापक काढले. ते रंगाऱ्याच्या खांद्याला लावले. पंच्याऐंशी अंश. दीड महिन्यात दहा अंश. “काका, चूक माझी आहे,” ती म्हणाली. “मी बाजूला व्हायला नको होतं.” मोठे डॉक्टर म्हणाले, “काही काही शरीरं साथच देत नाहीत.” मला तोंड असते तर मी त्या दिवशी त्यांची सालटी काढली असती. मला बोलता येत नाही. त्यांना येत होते, आणि ते हे बोलले.

ताईने स्क्रू काढून टीव्ही दुसऱ्या भिंतीपाशी टेबलावर नेला. शिडी मोकळी झाली. मग तिने मला क्रेप बँडेजने रंगाऱ्याच्या दंडाला, कोपराच्या वर, घट्ट बांधले. आता मनगट कितीही उडवले तरी मला काही कळणार नव्हते. खांदा हलला तरच कळणार होते. त्या दिवशी गुण आले तीन.

“ताई, हा बिघडलाय.”

“नाही काका. आत्ता कुठे सुधारलाय.”

उरलेला दीड महिना ती त्याच्यापासून हलली नाही. डॉक्टरांनी दोनदा बोलावले, तरी गेली नाही. रंगारी ओरडायचा, घामाने भिजायचा, कधी रडायचा. पट्टीवर खडूच्या रेघा खाच खाच वर गेल्या. हात कानापर्यंत आला, कानाच्या थोडा वरही गेला आणि तिथे कायमचा थांबला. आता तो स्वतःचा शर्ट स्वतः घालतो आणि भिंती रंगवतो. छताच्या आधी वीतभर त्याचा हात थांबतो. ती वीत आम्ही खाल्ली, मी आणि तो आलेख.

एवढ्यावर तरी मोठ्या डॉक्टरांनी शहाणे व्हावे की नाही? गेल्या आठवड्यात ताई रजेवर होती. आखडलेल्या खांद्याच्या एक शिक्षिका आल्या. त्यांना फळ्यावर लिहिता येत नव्हते. डॉक्टरांनी मला त्यांच्या हातात दिले, टेनिस लावले, “खेळा मजेत,” म्हणाले आणि फोन घेऊन बाहेर गेले. दहा मिनिटांत बाईंचा कोपर बरगडीला चिकटला. पडद्यावर ‘उत्तम’ आले. बाई खूश झाल्या. मी आतल्या आत जळत होतो आणि बरोबर, बरोबर म्हणत होतो.

रंगारी ताईला भेटायला म्हणून आला होता. तो दारात थांबला. त्याने बाईंकडे पाहिले, पडद्याकडे पाहिले आणि तडक जाऊन टीव्हीची वायर उपटली.

“अहो, मी जिंकत होते,” बाई म्हणाल्या.

“मीपण जिंकत होतो,” तो म्हणाला. “इकडे या, या पट्टीपाशी. तिकडे बघू नका, माझ्याकडे बघा.”

त्याने डाव्या हाताने त्यांचा कोपर खालून धरला आणि स्वतःचा उजवा हात पट्टीवर ठेवून जाईल तेवढा वर नेला. दुखत असणार, कारण त्याचा जबडा आवळला होता.

“इथवर आणा. इथवर मलाही येतं. इथून पुढं तुम्ही एकट्यानं जायचं, आणि जायचंच.”

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. माझ्याशी खेळा, आत्यांना खेळायला घ्या, पट्टा मनगटात अडकवा. पण कुणाचा हात बरा व्हायचा असेल, तर मला त्या हातात देऊन खोलीबाहेर जाऊ नका.