रविवारचा मोकळा रस्ता

माझ्या नवऱ्याला, ललितला, चाळिशी उलटल्यावर सायकलचं वेड लागलं. लागू दे, म्हटलं, पत्ते कुटण्यापेक्षा बरं. पण हौसेला सोबत लागते. शहाद्यातले आणखी वीसेक जण जमले, त्यांचा क्लब झाला, क्लबचे पिवळेजर्द टीशर्ट झाले, आणि मग या सगळ्यांना शहाद्याचे रस्ते चालेनासे झाले. उसाचे ट्रॅक्टर आडवे येतात, केळीचे ट्रक धूर सोडतात. यातल्या निम्म्यांच्या घरचाच ऊस त्या ट्रॅक्टरमध्ये असतो, असं मी एकदा बोलले, तर म्हणे तुला निसर्गाची आवडच नाही.

शेवटी त्यांनी नवापूरकडच्या डोंगरात एक रस्ता हुडकला. हायवे सोडून आत, उंबरझिरा नावाच्या गावापर्यंत. दोन्ही बाजूंना साग, मध्येमध्ये मोह, वळणावर ओढा, आणि नुकतंच पडलेलं गुळगुळीत डांबर. ललित तो रस्ता बघून आला त्या दिवशी त्याला जेवण सुचेना.

"काजल, त्या रस्तावर एक बी गाडी नई ऱ्हास. एक बी!"

"मंग त्या गावना लोके दवाखानामा कसा जातस?"

"एक जीप शे ना तठे, योहाननी. पण रविवारले ती बी बंद ऱ्हास."

हे मात्र खरं होतं. उंबरझिऱ्यातली बहुतेक घरं कोकणी आदिवासींची, धर्माने ख्रिस्ती. सहा दिवस योहानची जीप माणसं, भाजी, कोंबड्या, आजारी म्हातारे, सगळं नवापूरला नेते-आणते. रविवारी प्रार्थना, त्या दिवशी योहान जीपला चावी लावत नाही. त्याच्या बापाची बैलगाडीही रविवारी जुंपली जात नव्हती. क्लबचे लोक गावात विचारायला गेले तेव्हा चर्चच्या पाळकांनी आणि योहानने सरळ सांगितलं, रविवारी आमची गाडी चालत नाही, खुशाल सायकली चालवा, वाटल्यास प्रार्थनेलाही या. वर चहा पाजला.

सरळ माणसाने सरळ सांगितलं की शहाण्याला त्याचा कायदा करता येतो. क्लबने शहाद्याला परत येऊन 'वाहनमुक्त रविवार' जाहीर केला. रस्त्याच्या दोन्ही टोकांना बांबू आडवा टाकायचा, शेवटची सायकल पोचेपर्यंत काढायचा नाही. गावानेच शब्द दिलाय, असं ललित ज्याला त्याला सांगत सुटला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. मला तेव्हाच कसंसं झालं होतं, पण मी फेब्रुवारीतल्या त्या पहिल्या रविवारी त्यांच्यासोबत गेले. मी शिकवते त्या शाळेला सुट्टीच होती आणि ललितने फार गयावया केली होती.

माझी नेमणूक उंबरझिऱ्याच्या टोकाला होती. तिथल्या आंब्याखाली टेबल मांडायचं, केळी कापायची, लिंबूपाणी करायचं. हे सगळं सामान, मी आणि क्लबचा चंदन पहाटे कारने तिथे पोचलो होतो, त्याच वाहनमुक्त रस्त्याने. क्लबची कार वाहनात धरत नाहीत म्हणे. सायकलवाले हायवेच्या टोकावरून साडेसहाला सुटणार होते. सात वाजले तरी कोणी सुटलं नव्हतं, कारण झेंडा दाखवून स्वतःही सायकलवर बसणारे प्रमुख पाहुणे अजून आंघोळच करत होते.

तेवढ्यात गावातून जीप आली. योहान चालवत होता, शेजारी इस्त्रीचा पांढरा पंजाबी घातलेली एक मुलगी, मांडीवर पारदर्शक पिशवी, पिशवीत पेन आणि आधारकार्ड. बांबूपाशी जीप थांबली. मागून तिची आजी, ठकुबाई, काठी टेकत चालत आली, नात रस्त्याला लागलेली बघायला.

"दादा, जरा बांबू उचला," योहान म्हणाला. "प्रिस्किलाची नर्सभरतीची परीक्षा आहे नंदुरबारला. नऊला गेट बंद होतं."

"रविवारले तुमची जीप चालत नाही ना?" चंदन म्हणाला.

"नाहीच चालत. तारीख रविवारची आली, आमच्या हातात नव्हतं. काल पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, आजाऱ्याची सेवा करणारं काम आहे, जा."

म्हणजे त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा रविवार मोडला होता. आणि मोडायच्या आधी रात्रभर त्याचं मन खात असणार, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. आपल्याच गावाच्या रस्त्यावर आपल्याला कोणी अडवेल हे मात्र त्याच्या मनातही आलं नव्हतं. त्याने शब्द दिला होता तो आपल्या जीपबद्दल. रस्ता कुठे दिला होता?

"चंदन, उचल तो बांबू," मी म्हटलं.

"वहिनी, माले नका सांगा. ललितभाऊनी सांगेल शे, कोणलेच सोडू नको."

मी ललितला फोन लावला. त्या झाडाखाली कशीबशी एक काडी रेंज येत होती.

"पंधरा मिनिट थांब म्हण त्याले," ललित म्हणाला. "पाहुणा येतीनच आते. वळणवर समोरतून जीप ऊनी तं कोणी जबाबदारी? आनि ड्रोन उडाना शे. बठा रस्ता मोकळा दिसाले पायजे."

"अहो, पोरनी परीक्षा शे!"

"त्यासनीच सांगं व्हतं ना, रविवारले गाडी नई ऱ्हास? आते आपण काय करूत?"

मी फोन बंद केला. माझ्या हाताला केळ्याचा चिकटा होता आणि मला त्या केळ्यांची शिसारी आली. प्रिस्किला जीपमधून उतरली नव्हती. ती समोर बघत बसली होती, ओठातल्या ओठात काहीतरी पाठ करत. मला म्हणाली, "मॅडम, वयात बसणारी माझी ही शेवटचीच भरती आहे." तक्रारीचा सूर नव्हता, सांगितलं फक्त.

पंधरा मिनिटं झाली. आणखी पंधरा झाली. मग मी सुरी टेबलावर ठेवली.

"चंदन, बाजूले सरक. नईतं हाऊ बांबू तुन्हा डोकामा घालसू."

तो सरकला. बांबू मी उचलला आणि जीपच्या मागच्या सीटवर चढले. कोणी पुन्हा अडवलं तर भांडायला माणूस लागणार होतं. योहान म्हणाला, "मॅडम, तुमच्या घरी भांडण होईल." मी म्हटलं, ते रोजचंच आहे, तुम्ही चालवा.

अर्ध्या वाटेवर आम्हाला ती पिवळी वरात भेटली. सगळ्यात पुढे ललित. जीप बघून त्याने सायकल रस्त्यात आडवी घातली. बाकीचे त्याच्या मागे तुंबले. एकेक सायकल लाखाच्या पुढची, आणि काय तोरा! एकजण म्हणाला, "सगळा मूड गेला यार." दुसऱ्याने मोबाईल काढून जीपचा व्हिडिओ सुरू केला. रस्त्याला तिथे कड नव्हती. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला ओढा. शेवटी योहाननेच जीप मागे घेत घेत जरा रुंद जागेवर नेली, खडकाला चिकटवून उभी केली आणि इंजिन बंद केलं. सगळे जाऊ देत, मग जाऊ, म्हणाला. त्याच्या जागी मी असते तर हॉर्न बंद केला नसता.

एकेक करत सगळे गेले. जाताना दोघा-तिघांनी प्रिस्किलाकडे बघून अंगठा दाखवला. मग रस्ता रिकामा झाला. योहानने चावीला हात घातला तर ललित परत वळून आला. "पाहुणे राहिलेत अजून. ते चढावर आहेत. गेले की निघा." पाहुणे पाचेक मिनिटांनी दिसले. सायकल हातात धरून चालत होते. मध्येच थांबून त्यांनी पळसाखाली फोटो काढून घेतला, तो नीट आला नाही म्हणून दुसरा काढला. मला इतका वीट आला की मी जीपमधून ओरडले, "चाला ना पाय उचलीसन!" त्यांना वाटलं मी त्यांचा उत्साह वाढवतेय. त्यांनी हात हलवला.

हायवेकडचा बांबू मीच उतरून बाजूला केला. पुढे योहानने जीप कशी हाणली ते विचारू नका. नंदुरबारच्या त्या केंद्रावर पोचलो तेव्हा गेटला कुलूप घालून शिपाई खुर्चीवर बसत होता. मी त्याला हात जोडले, मास्तरकीचा धाक दाखवला, शेवटी रडलेसुद्धा. त्याचंही चुकत नव्हतं. आतून घंटा वाजली. प्रिस्किला गेटच्या गजांना हात लावून उभी होती. तिने ती पारदर्शक पिशवी घडी घालून छातीशी धरली आणि म्हणाली, "चला योहानदादा, निदान दुपारच्या प्रार्थनेला तरी पोचाल."

परत आलो तेव्हा आंब्याखाली सत्कार चालले होते. पोहे, जिलेबी, कागदी प्लेटा वाऱ्याने उडून सागाच्या पाल्यात अडकलेल्या. ठकुबाई टेबलापासून जरा लांब एका दगडावर बसून होती. नातीचा चेहरा बघून तिने तिच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली.

ललितला कुठेतरी टोचलं असावं. तो एक पितळी पदक घेऊन आला, फेरी पुरी केलेल्यांना देतात ते. "ताई, मन लहान करू नका," म्हणाला, "परीक्षा काय, परत येतील. हे आमच्या क्लबकडून." आणि पदक तिच्या गळ्यात घालायला त्याने दोन्ही हात वर केले. ती मागे सरकली. माझा नवरा आहे तो, वीस वर्षं मी त्याच्या हातचा चहा पिते, पण त्या क्षणी मला त्याच्या हातांची किळस वाटली.

ठकुबाई त्यांच्या कोकणी बोलीत काहीतरी बोलली.

"काय म्हणतात आजी?" ललितने विचारलं.

प्रिस्किला जरा घुटमळली. "ती विचारते, तुमच्या गावात रस्ते नाहीत का?"

दोघे-चौघे हसले. ललितही हसला. म्हाताऱ्या माणसांशी बोलतात तसा तो वाकून मोठ्याने म्हणाला, "आहेत ना आजी, चांगले मोठे आहेत! पण तिकडे गाड्या फार. नुसत्या गाड्याच गाड्या!"

प्रिस्किलाने आजीला ते सांगितलं. म्हातारीने ऐकून घेतलं, योहानच्या जीपकडे पाहिलं आणि हळू आवाजात उत्तर दिलं.

"म्हणते, आमची तर एकच आहे."

ललित तसाच वाकलेला, हातात पदक, माझ्याकडे बघू लागला. नेहमी असंच करतो. अडला की मी सावरून घ्यायचं.

"मन्हाकडे काय देखी ऱ्हायनात?" मी म्हटलं. "तुम्हले इचारं त्यासनी. द्या ना जबाब."