डॉक्टरला दाखवायचा फोटो

नव्या वस्तूवर एकदम भरवसा टाकणारा माणूस मूर्ख असतो, असं माझं ठाम मत आहे. आणि दोन हजार पाचच्या त्या डिसेंबरात बोरी अरबमधला सगळ्यात मोठा मूर्ख मीच होतो, गफ्फार फोटोवाला. तीस वर्षं मी फ्लॅश स्वतःच्या अंदाजाने मारला. माणूस आठ फुटांवर असेल तर लेन्सचा आकडा अकरा, अकरा फुटांवर असेल तर आठ. पावलं मोजायची, आकडा फिरवायचा, बटण दाबायचं. दारव्ह्यापर्यंतच्या कुठल्याही लग्नाचा अल्बम उघडा आणि माझी एक नवरी अंधारात आलेली दाखवा, मी दुकान बंद करतो.

मग माझ्या भाच्याने, जमीरने, नागपूरहून ऑटो फ्लॅश आणून दिला. त्याच्या पुढच्या अंगाला मसुरीच्या डाळीएवढी काच होती. जमीर म्हणाला, "मामू, माणसावर पडून जो उजेड परत येतो, तो ही काच मोजते. पुरेसा आला की फ्लॅश आपोआप बंद होतो. पावलं मोजायची कटकटच नाही." मला ते पटलं. साठीला आलेल्या माणसाला कटकट कमी करणारं काहीही पटतं.

त्याच आठवड्यात पुंडलिकराव दुकानात आले. आमच्याच गावचे शेतकरी, माझ्याच वयाचे, मोजकं बोलणारे. त्यांच्या बायकोच्या, मैनाबाईंच्या, गालात आतून फोड झाला होता आणि तो साधा फोड नव्हता, हे सगळ्या गावाला कळलं होतं.

"गफ्फारभाई, मैनाचा फोटो काढाचा हाय," ते म्हणाले. "साफ पाह्यजे. तोंडावरची रेघ न रेघ दिसली पाह्यजे."

"कायले?"

"सोमवारी नागपूरले ऑपरेशनले नेऊन राह्यलो. डॉक्टर अर्धा जबडा काढनार हाय. मंग तोंड परत बसवन ना तो? पयले कसं होतं, हे त्याले कसं कळन? फोटो जवळ असला तं पाहून पाहून बसवन."

कुठलाही डॉक्टर फोटो पाहून तोंड बसवत नाही, हे मला ठाऊक होतं. पण समोरचा माणूस दुकानाच्या लाकडी काउंटरला दोन्ही हातांनी धरून उभा होता. माझी जीभ वळली नाही. "उद्या येतो," म्हणालो.

गुरुवारी दुपारी गेलो. अंगणात छान ऊन होतं, पण मैनाबाई बाहेर बसायला तयार होईनात. सुजलेला गाल शेजाऱ्यांनी पाहिलेला त्यांना नको होता. घरात एकच मोठी खोली आणि ती जमिनीपासून आढ्यापर्यंत कापसाने भरलेली. त्या वर्षी भाव ऐकून कुणाचा विकायचा जीवच होत नव्हता, घरोघरी हीच गत होती. शेवटी कापसाच्या त्या पांढऱ्या ढिगापुढेच खाट टाकली आणि मैनाबाईंना बसवलं. मी बटण दाबलं. फ्लॅशचा लाल दिवा क्षणात पुन्हा पेटला. माझा जुना फ्लॅश एकदा मारला की पुढच्यासाठी तयार व्हायला बिडी ओढून व्हायची. मी खूश झालो. पाच फोटो झटाझट काढले आणि रोल एसटीने यवतमाळच्या लॅबला पाठवला.

शनिवारी दुपारी प्रिंट आल्या. कापूस राखेसारखा करडा आणि मैनाबाईंच्या चेहऱ्याच्या जागी नुसती सावली. नाक कुठे, डोळे कुठे, काही कळेना.

मी आधी लॅबवाल्याला फोन करून झाडला. तो म्हणाला, "चाचा, निगेटिव्हच पातळ आहे, उजेडच कमी पडलाय, मी काय करू?" मग जमीरला फोन लावला आणि त्याला दुप्पट झाडला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मामू, मागे काय होतं?"

"कापूस."

"मग झालं. काचेला माणूस आणि कापूस यातला फरक कळत नाही. पांढऱ्यावरून उजेड भरपूर परत आला, तिला वाटलं काम झालं, तिने फ्लॅश अर्ध्यातच बंद केला."

"आणि ते नवे, लेन्समधून उजेड मोजणारे फ्लॅश?"

"कापसापुढे तेही फसतील."

हे ऐकून थोडं बरं वाटलं. तरी माझा स्वभाव असा की स्वतः पाहिल्याशिवाय जेवण गोड लागत नाही. मी बायकोला, बिस्मिल्लाबीला, हाक मारली. आधी तिला पांढऱ्या चादरीपुढे उभं केलं आणि फ्लॅश मारला. दिवा लगेच पेटला. मग तिला काळा बुरखा घालून, काळी शाल मागे टांगून उभं केलं. फ्लॅश मारला तर डोळे दिपले, आणि दिवा पुन्हा पेटायला मनात आठ आकडे मोजावे लागले. म्हणजे काळ्यापुढे पठ्ठ्या सगळा उजेड ओतत होता आणि पांढऱ्यापुढे हात आखडता घेत होता. गुरुवारी ज्या चपळाईवर मी भाळलो होतो, ती फसवणूक होती.

"हो गया क्या जी? हांडी जल रही मेरी," बिस्मिल्लाबी म्हणाली. मी तिला काय झालं ते सांगितलं. तिने बुरखा काढून खुंटीला लावला आणि म्हणाली, "तो अभी के अभी जाओ. परसो वो लोग निकलनेवाले."

मी तसाच निघालो. तो काळा फोटो पुंडलिकरावांच्या हातात ठेवताना मला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं. त्यांनी तो उजेडाकडे धरला, फिरवून पाहिला. "याच्यावरून डॉक्टर काय बसवन?" एवढंच म्हणाले.

"आत्ता पुन्हा काढतो भाऊ. माही चूक झाली."

"मंग चहा पिऊन काढा. दूध आनतो," म्हणून ते दुधाची गंजी घेऊन बाहेर पडले. मला वाटतं, त्यांना डोळे पुसायचे होते.

ते गेल्यावर मैनाबाईंनी फोटो हातात घेतला. पदर गालावरून तोंडापर्यंत ओढलेला होता. "हाच राहू द्या ना, गफ्फारभाऊ. याच्यात फोड दिसत नाही."

"वयनी, याच्यात तुम्हीपन दिसत नाही."

त्या हसल्या, मग कळ आली म्हणून थांबल्या. दाराकडे पाहून हळू आवाजात म्हणाल्या, "मले मालूम हाय. फोटो पाहून तोंड बसवत नसते कोनी. मी काय बह्याड हाव?"

मी कॅमेऱ्याची पिशवी खाली ठेवली.

"पन त्याईले सांगू नोका. या फोटोच्या भरवशावर उभे हाय ते. दोन रात्री जेवले नोयते, फोटोचं सुचल्यापासून जेवून राह्यले. त्याईच्यासाठी काढते मी फोटो. काढा, कसाही काढा."

पुंडलिकराव दूध घेऊन आले तेव्हा त्या खाटेवर ताठ बसल्या होत्या. मी फ्लॅशचा खटका ऑटोवरून मॅन्युअलवर सरकवला. आता त्या काचेचं कुणी काही ऐकणार नव्हतं, दर वेळी पुरा उजेड पडणार होता. पावलांनी आठ फूट मोजले, आकडा अकरावर आणला. मैनाबाईंनी पुंडलिकरावांकडे एकदा पाहिलं आणि पदर आपल्या हाताने खांद्यावर टाकला. सुजलेला गाल, त्यावरचा काळसर डाग, सगळं उघडं झालं. मी बटण दाबलं. खोली लख्ख झाली. पुढच्या फोटोसाठी बराच वेळ थांबावं लागलं.

"अजून किती वेळ?" त्या म्हणाल्या. "एवढ्यात माही एक तास धरून झाली असती वेचून."

शेतात एका तासाला, म्हणजे कापसाच्या एका ओळीला, किती वेळ लागतो ते मला माहीत नाही. पण पुंडलिकरावांना हसू फुटलं. त्यांना हसताना पाहून मैनाबाईंनाही हसू आलं, आणि नेमका तेव्हाच दिवा पेटला.

रविवारी मी स्वतः यवतमाळला गेलो. लॅबवाल्याला घरून उठवून आणलं आणि प्रिंट हातात पडेपर्यंत त्याच्या डोक्यावर बसलो. सोमवारी पहाटे एसटी स्टँडवर फोटो दिला. पुंडलिकरावांनी तो दवाखान्याच्या कागदांत सगळ्यात वर ठेवला. गाडी निघून गेली तरी मी तिथेच उभा होतो. अल्लाकडे काय मागावं ते मला सुचत नव्हतं, कारण माझ्या मनात सारखा तो फोटोच येत होता.

फेब्रुवारीच्या शेवटी दोघं दुकानात आले. मैनाबाईंचा डावा गाल आत गेला होता, तोंड एका बाजूला ओढलं होतं. बोलणं फारसं उमगत नव्हतं. बिस्मिल्लाबी त्यांना हाताला धरून आत घरात घेऊन गेली.

मला राहवलं नाही. "डॉक्टरले दाखवला होता फोटो?"

"दाखवला ना. लय वेळ पाह्यला त्यानं. म्हने, बाबा, एवढं मले जमनार नाही." पुंडलिकरावांनी काउंटरवरची धूळ बोटाने पुसली. "मले मालूमच होतं, गफ्फारभाई."

"मालूम होतं? मंग फोटो कायले काढला?"

"मैना जायलेच तयार नोयती. म्हने, तोंडच राह्यनार नाही तं जगून काय करू. डॉक्टर फोटो पाहून तोंड होतं तसं बसवते, असं म्हनलं मी, तवा कुठं कबूल झाली. सरळ मानूस हाय ते. विश्वास बसला तिचा." त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. "तिले सांगू नोका मात्र."

मी उगीचच फ्लॅशची बॅटरी काढली आणि पुन्हा बसवली.

"आता काय काढू?" मी विचारलं.

"आमचा दोघायचा काढा. हा कोन्या डॉक्टरसाठी नाही. माह्यासाठी."

मैनाबाई बाहेर आल्या. बाकावर पुंडलिकरावांच्या शेजारी बसल्या आणि पदर बाजूला केला. पुंडलिकराव कॅमेऱ्याकडे बघेनात, बायकोकडेच बघत राहिले. मैनाबाईंनी माझ्याकडे पाहून हळूच मान हलवली, सांगू नका म्हणून.

दोघांपैकी कुणालाच मी आजवर काही सांगितलेलं नाही.