मी दहाचा, हिरीने मला विसाचा केला

मी एक जुना गठ्ठा आहे, मित्रांनो. बांबूच्या दहा काड्या आणि सायकलच्या ट्यूबचा कापलेला एक रबर, एवढाच माझा संसार. गंजाडच्या पुढे, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका छोट्या शाळेत मी राहतो. टोपल्या विणणाऱ्या भिकादादांनी मला तासलं. पोरांच्या बोटात कुसळ जाऊ नये म्हणून त्यांनी एकेक काडी स्वतःच्या गालावरून फिरवून पाहिली होती.

मुलांनी मला सोडलं की मी दहा एकक, बांधलं की एक दशक. 'दशक म्हणजे काय?' असं बाईंनी विचारलं की मुलं मलाच उचलून दाखवत. खोटं कशाला बोलू, मला जरा चढलंच होतं. दहा हा जगाचा कायदा आणि त्या कायद्याचा मी पाटील, अशा तोऱ्यात मी पेटीत बसायचो.

मग तपासणीचा दिवस आला. आमच्या मयुराबाई डहाणूच्या, चिकूच्या वाड्या असलेल्या घरातल्या. नोकरीचं पहिलंच वर्ष, त्यामुळे सकाळपासून त्यांनी फळा तीनदा पुसला होता. तपासणीला आलेल्या साहेबांनी माझ्यासकट सहा गठ्ठे सोडले, वर पाच सुट्या काड्या टाकल्या आणि तिसरीतल्या हिरीला म्हणाले, "मोज आणि फळ्यावर लिही."

हिरी भराभर मोजायला लागली. तिने माझ्या दहा काड्यांत दुसऱ्या गठ्ठ्याच्या दहा मिसळल्या आणि माझाच रबर ताणून सगळ्यांवर चढवला. मला इतका राग आला! मला विसाचा करणारी ही कोण टिकोजीराव? बघता बघता तिने तीन गठ्ठे बांधले. पाच काड्या उरल्या.

"तीन ईस न् पाच," ती म्हणाली आणि तिने फळ्यावर ऐटीत लिहिलं, ३५.

"पासष्टाचे पस्तीस?" साहेब बाईंकडे वळले. "तिसरीत ना ही?"

वर्ग खो खो हसला. बाईंचा चेहरा पडला. "किती वेळा शिकवलं गं तुला!" असं म्हणून त्यांनी हिरीला पहिलीच्या पोरांत नेऊन बसवलं. घरी सराव कर म्हणून मला तसाच, विसाचा बांधलेला, तिच्या दप्तरात कोंबलं. मीही मनात म्हटलं, बरी खोड मोडली.

दुसऱ्या दिवशी हिरी शाळेत गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दप्तर खुंटीला आणि मी दप्तरात. दिवाळीनंतरचे दिवस होते, गवत कापायला आलं होतं. हिरी आईबरोबर माळावर जायची. "मना नाय जमत शाळा," एवढंच ती आईला सांगायची. एका सकाळी आईने दप्तर रिकामं करून त्यात भाकरी बांधली. मला मात्र बाहेर काढायचं राहून गेलं.

सहाव्या दिवशी मयुराबाई विचारत विचारत थेट माळावर आल्या. हिरीची आई, जयवंती, पेंढ्या बांधत होती आणि हिरी मोजून रचत होती. बाई दिसताच ती पेंढ्यांच्या आड झाली.

"किती झाल्या गं?" आईने विचारलं.

"चार ईस न् दोन," आडूनच उत्तर आलं.

बाई थबकल्या. त्या राशीपाशी गेल्या आणि एकेक पेंढी मोजू लागल्या. ब्याऐंशी. पुन्हा मोजल्या. ब्याऐंशीच.

"बाई, पोरं सांगतात, माझी पोर गणतीत चुकते म्हनं?" जयवंती म्हणाली. "माझ्या आईनं मना शिकवली, मी तिला. इसानंच मोजतो आम्ही. पेंढी कधी कमी नाय पडली."

बाई बांधावर बसल्या. हिरीचं मोजणं चोख होतं. फळ्यावर आकडे दहाच्या घरात बसतात, एवढंच तिला ठाऊक नव्हतं. आणि ती कशी मोजते हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. दप्तरात मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दहा हा कायदा नव्हताच, मित्रांनो. ती माणसांनी पाडलेली सवय होती.

बाईंनी हिरीची माफी मागितली, आईदेखत. तिला तिसरीत परत बसवलं. वर्गाला विसाचे गठ्ठे बांधायला लावले आणि तीच संख्या दहाने कशी लिहायची ते दाखवलं. सगळं झालं. पण हिरी आता पूर्वीसारखी मोजत नाही. बरोबर मोजते, मग उत्तर ओठांवर धरून बाईंचा चेहरा बघते. बाईंच्या कपाळावर जराशी आठी दिसली की उत्तर बदलते. खरं उत्तर तिच्या हातात असतं, माझ्या काड्यांत असतं, तरी ती ते दुसऱ्याच्या तोंडावर शोधते.

काल बाई मुद्दाम पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. "मोज, हिरी. मी बघणार नाही."

हिरीने दोनदा मोजलं. मग ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "बाई, तोंड इकडं करा ना."

मित्रांनो, कुणाचं उत्तर चुकलं तर हसण्याआधी एकदा विचारा, तू कसं मोजलंस? मला तोंड नाही, म्हणून मी विचारू शकलो नाही. तुम्हाला आहे.