घोंगड्यातली पिसू

आमच्या मालकांना मी सकाळपासनं सांगत होते, पाव्हण्यांना खुर्च्या टाका. शेजारी धोंडप्पाकडं चार पडून हायत, मागून आणा. पण ऐकतील तर शपथ. "पाव्हण्याला घोंगडंच टाकायचं. आपल्यात पद्धत हाय," म्हणाले, आणि दारातल्या लिंबाखाली घोंगडं अंथरून मोकळे झाले.

पद्धत हाय, व्हय. पण त्याच घोंगड्यावर महिनाभर आजारी कोकरू झोपत होतं, ते कुणाच्या ध्यानात?

आमच्या ऋतुजाला बघायला सोलापूरची माणसं येणार होती. पोरगा युवराज आणि त्याचा बाप धुळाभाऊ, दोघंबी चिंचोळी एमआयडीसीत कामाला. याआधीची दोन ठिकाणं मेंढरांच्या वासावरनं मोडली. पोरगी नर्सिंग शिकलेली, आणि लोक नाक मुरडून चहासुदिक न घेता उठतात. हे मोडलं तर पुन्हा कुणाम्होरं पोहे घेऊन येणार न्हाय, असं तिनं मला सांगून टाकलं होतं. ती एकदा बोलली की बोलली.

पाव्हणे घोंगड्यावर बसले. युवराजनं ऋतुजाला दवाखान्यातल्या ड्युटीचं विचारलं, ती नीट बोलली, तो हसला. मला जरा बरं वाटलं. तेवढ्यात त्याच्या आईनं, गोजाबाईनं, पोटरी खाजवली. मग मान. मग पदर सावरायच्या निमित्तानं पुन्हा पोटरी.

"डास लई हायत की तुमच्यात," ती म्हणाली.

भर दुपारी डास. मी मालकांकडं बघितलं, तर मालक लिंबाच्या शेंड्याकडं बघत बसलेले. ते घोंगडं उचलून चुलीत घालावं असं वाटलं, आणि मागनं मालकांनाबी.

धुळाभाऊंनी पोह्याची ताटली खाली ठेवली, बोट जिभेला लावलं आणि पँटीच्या शिवणीवर दाबलं. तितनं काहीतरी उचलून दोन अंगठ्यांच्या नखात धरलं. टच्चकन आवाज आला. नखावर काळा ठिपका.

"डास कुटला? पिसू हाय," ते म्हणाले. "बापानं मेंढरं विकली तवापासनं मशीनवर हाय मी. पण हात विसरला न्हाय बघा."

ऋतुजानं ट्रे उचलला आणि घरात निघाली. मीबी तिच्या मागं उठाय लागले.

"थांब गं पोरी," गोजाबाई म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "माझं माहेर मेंढरांचंच हाय, बाई. पयल्या चाव्यालाच कळलं मला. तुमाला लाजल्यागत होऊ नये म्हणून डास म्हणलं, तर ह्यांनी नखावर काढून दावली."

माझ्या डोळ्यात पाणी आलं, ते मी पदरानं पुसलं.

"लग्नातबी हेच अंथरा," ती म्हणाली. "उन्हात टाकून मग."

ऋतुजानं ट्रे खाली ठेवला आणि तिच्या शेजारी, त्याच घोंगड्यावर बसली. जरा वेळानं तिनंबी पोटरी खाजवली, आणि दोघी हसाय लागल्या.