औषधाचे कपडे

गोचीड माणसाला मारू शकते, हे आमच्या वस्तीवर कुणालाच पटत नव्हतं. मेंढराच्या कानामागून ती उपटायची, दोन नखांत चिरडायची आणि बोट धोतराला पुसायचं, एवढीच तिची किंमत. माझे थोरले दीर रामहरी गेल्या दिवाळीनंतर तापानं गेले, तेव्हा सोलापूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हा गोचिडीचा ताप आहे. मी ते वस्तीवर सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुन्हा बाहेरच्या बाधेवर आले. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

मी मात्र घाबरले होते. दोन भावांतला एक गेला. आता मेंढरांमागं हिंडायला एकटे माझे मालक, बिराप्पा, उरले होते.

यंदा कळप बाहेर पडायच्या आधी गावात शिबिर झालं. जनावरांच्या डॉक्टरांनी आणि आमच्या आशाताई शिवकन्या यांनी घरटी एक बाटली दिली. हे औषध अंगाला लावायचं नाही, कपड्याला लावायचं. हातमोजे घालून उघड्यावर फवारायचं, सावलीत वाळवायचं आणि पुरतं वाळल्यावरच कपडा घालायचा. मग गोचीड कपड्यावर चढली तरी लुळी पडून गळते. "साध्या पान्यात खंगाळलं तर चालंल. पर सोड्यात उकळू नगा, दगडावर आपटू नगा, औषध निघून जाईल," असं शिवकन्याताईंनी पुन्हा पुन्हा सांगितलं. बायका हसत होत्या. आमच्या शेजारच्या नागूकाकूंनी तर विचारलं, "कापडाला ताप येतोय व्हय गं?"

मी मालकांचे सदरे, विजारी, मुंडासं, पायमोजे अंगणात पसरून फवारले. शेवटी घोंगड्याला हात घातला, तशा आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई गजराबाई, उंबऱ्यातून ओरडल्या.

"त्याला न्हाय लावायचं. बिरुबाचं बसनं हाय ते."

"आत्या, रातभर तेच पांघरत्यात की ते."

"मग? देव पांघरतोय त्यो. देवावर इख मारती व्हय गं?"

मालक हसले. "ऱ्हाऊ दे अक्षदा. देवानं गोचिडी येचल्या तर तुझं औषध वाचंल तेवढंच."

हा माणूस असाच होता. घरात वाद पेटला की हसायचा आणि वाद त्या हसण्यातच विझून जायचा. मला त्याचा राग यायचा आणि माझा जीवही त्याच हसण्यावर होता. मी घोंगडं तसंच घडी करून ठेवलं.

आत्या वाईट नव्हत्या, हे आत्ताच सांगते. मी लग्न होऊन आले तेव्हा मला भाकरी थापता येत नव्हती, तर माझ्या जाड्याभरड्या भाकरी त्यांनी स्वतःच्या ताटात घेतल्या आणि मुलांना आपल्या हातच्या वाढल्या. थोरला मुलगा गेल्यावर मात्र त्यांचं हसणं बोलणं आटलं. उपास, नवस, विटाळ, शिवाशिव, जे जे त्यांना पाळता येत होतं ते त्या घट्ट धरून बसल्या.

कळप नळदुर्गाकडच्या रानात गेला. सोबतीला नागूकाकूंचा सोमलिंग त्यांची मेंढरं घेऊन होता. काही दिवसांनी मालकांचा फोन आला. "मानलं गं तुझ्या औषधाला. इजारीवर चढली आन् टपकन खाली पडली. सोमलिंग रोज अंगावरनं काढतोय, मला एक न्हाय लागली." मी फोन ठेवला आणि उगाचच घर झाडून काढलं. इतका आनंद झाला होता.

त्यानंतर जळकोटला आमचे चुलत सासरे धोंडीबा वारले. पिकलं पान होतं, गळालं. पण भावकीतलं मरण, आम्हालाही सुतक लागलं. दहाव्यासाठी मालक कपड्यांची पिशवी आणि घोंगडं घेऊन रानातून घरी आले, अंगावरचे औषधाचे कपडे काढून खुंटीला लावले, ट्रंकेतला पांढरा सदरा घातला आणि आम्ही दोघं जळकोटला गेलो. आत्यांचे गुडघे धरले होते, त्या घरीच राहिल्या.

संध्याकाळच्या एसटीनं परत आलो तर सगळं घर अंगणात वाळत होतं. दोरीवर, कुंपणावर, जनावरांच्या दावणीवर, जागा मिळेल तिथं कपडे. चुलवणावर काळा ठिक्कर हंडा, शेजारी धुण्याच्या सोड्याचा रिकामा पुडा. आणि दोरीच्या मधोमध मालकांचे सदरे आणि विजारी, नव्यासारख्या निघालेल्या.

"आत्या! औषधाचे हुते की ते!"

"सुतक फिटलं आज. घरातली चिंधी सुदिक धुवावी लागती."

"उकळायचे नव्हते. औषध गेलं सगळं."

"औषध हाय म्हनून इटाळ घरात ठेवू?" आत्यांचा आवाज एकदम चिरला. "रामहरीच्या बारीला म्या हातरुनाला खिळले हुते. कुनी नीट धुतलं न्हाय. हातरुनं तशीच ऱ्हायली, त्याचा कोट तसाच ऱ्हायला. म्हनून मरान पुन्यांदा भावकीत आलं. आता तरी निघू दे घरातनं!"

दुखऱ्या गुडघ्यांनी ही बाई दिवसभर हंडा ढवळत होती, ती उरलेल्या मुलाला मरण शिवू नये म्हणून. घोंगडं तेवढं धुतलं नव्हतं, कारण लोकरीला विटाळ लागत नाही. म्हणजे साऱ्या घरात ज्या एका वस्तूवर औषध टिकलं असतं, तिलाच ते लावू दिलं नव्हतं.

आमची बाटली संपली होती. नागूकाकूंकडं धावले, तर त्यांनी त्यांची बाटली म्हशीला चोळून केव्हाच संपवली होती. शिवकन्याताईंना फोन केला, काय झालं ते सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, नवीन बाटल्या पुढच्या आठवड्यात येतील, तोवर त्यांना थांबवून ठेव.

मी थांबवलं. हात धरून थांबवलं. मालक म्हणाले, "सोमलिंग एकला हाय दोन कळपांमागं. लांडगं लागल्यात, कोकरं न्यायलेत. लांडग्याला काय सांगू, बायकू औषध आनती तवर दम धर?" आणि हसले. बाटली आली की सोमलिंगला न्यायला धाडतो म्हणाले. धुतलेले कपडे पिशवीत भरले, घोंगडं खांद्यावर टाकलं आणि गेले.

बाटली यायच्या आधी त्यांचा फोन आला. काखेत एक गोचीड सापडली होती. उपटून चिरडली म्हणाले. मी ओरडले, चिरडायची नव्हती, तिच्या रक्तातूनही ताप लागतो, आधी दवाखान्यात जा. मेंढ्या विताहेत, दोन दिवसांनी जातो म्हणाले. दोन दिवसांनी तापानं फणफणले, तसं सोमलिंगनं त्यांना टेम्पोत आडवं घालून सोलापूरला नेलं. पेशी उतरत गेल्या. डॉक्टरांनी रक्त चढवलं, प्लेटलेट चढवल्या, हातचं काही राखलं नाही. नाकातून रक्त यायला लागलं तेव्हा मालकांनी मला बाहेर जायला खुणावलं. मी गेले नाही. आत्या बाहेर बाकड्यावर बिरोबाचा भंडारा मुठीत घेऊन बसल्या होत्या. मालक गेले.

दारात अँब्युलन्स आली तेव्हा आत्यांनी टाहो फोडला, "इखानं मारला माझा बाळ! कापडाला इख लावलं गं माझ्या सुनंनं!" बायकांनी त्यांना धरलं आणि माझ्याकडं पाहिलं. वस्तीवर ते बघता बघता पसरलं. थोरला बाधेनं गेला, धाकटा औषधानं. मी कोपऱ्यात बसून ऐकत होते. खरं सांगायचं तर आत्यांचा गळा धरून हंड्यापुढं उभं करावंसं वाटत होतं.

सुतक अजून फिटायचं होतं, त्यात शिवकन्याताई नवीन बाटल्या घेऊन आल्या. एकही बाई हात लावेना. मालक गेल्यावर वस्तीवर परत आणलेले कळप दुसऱ्या दिवशी पुन्हा निघायचे होते. नागूकाकू भेटायला आमच्या ओसरीवरच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "उचल ते बाई. बिराप्पा गेला तेवढं बास झालं. माझ्या सोमलिंगाला न्हाय मारायचं मला."

शिवकन्याताईंनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना धुण्याची सगळी हकिगत माहीत होती. "अक्षदा, तूच सांग की ह्यांना. कापडं..."

तेव्हा मी आत्यांकडं पाहिलं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि माझ्या तोंडाकडं अशा बघत होत्या की मी ते कधी विसरणार नाही. त्यांना सगळं कळलेलं होतं. पहिल्या दिवसापासून कळलेलं होतं. म्हणूनच त्या औषधाच्या नावानं इतक्या मोठ्यानं बोंबलत होत्या. दोन मुलगे गेलेली बाई, तिला आणखी हे ऐकवलं तर ती विहीर जवळ करणार, याबद्दल मला शंका नव्हती. आणि गप्प बसले तर सोमलिंग उद्या साध्या सदऱ्यावर रानात जाणार होता.

"औषधानं न्हाय गेले ते," मी म्हणाले. "कापडाला औषध हुतं तवर त्यांना एक गोचीड लागली न्हाय. सोमलिंगाला इचारा. कापडं सोड्यात उकळली, औषध निघून गेलं, मग लागली."

"कुनी उकळली?" नागूकाकूंनी विचारलं.

"म्या."

नागूकाकूंनी कपाळावर हात मारून घेतला. "आगं, बारावी शिकलीस की तू! तुलाच सांगितलं हुतं ना तिनं? सवताच्या हातानं कुकू पुसलंस!" आणखी बरंच बोलल्या. जाताना मात्र एक बाटली पदराखाली घेऊन गेल्या. त्यांच्या मागून बाकीच्याही आल्या. शिवकन्याताई बाटल्या वाटत होत्या, सोड्यात उकळू नका म्हणून बजावत होत्या, पण एकदाही त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं नाही. आत्या भिंतीकडं तोंड करून आडव्या झाल्या. मला वाटलं, निदान रात्री जवळ येतील, डोक्यावरून हात फिरवतील. आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे कळप निघाले. सोमलिंगच्या अंगावर फवारून वाळवलेला सदरा होता. तेवढं मी दारातून पाहून घेतलं.

दुपारी जळकोटच्या चुलत सासूबाई भेटायला आल्या. मी आत चहा टाकत होते. ओसरीवरून आत्यांचा आवाज येत होता, रडून बसलेला, खोल.

"सुनंनं धुतली बाई कापडं. हंडाभर पानी ठेवलं, पुडाच्या पुडा सोडा वतला त्यात. म्या म्हनत हुते, नगं गं, औषधाची हायेत ती. ऐकलं न्हाय तिनं. दिसभर ढवळत बसली."

मी चहा घेऊन बाहेर आले. आत्यांनी मान वर केली. मला वाटलं, आता नजर चुकवतील, अडखळतील, निदान गप्प तरी होतील. त्या सरळ माझ्याकडं बघत राहिल्या. मी त्या डोळ्यांत खोटेपणा शोधला. तो नव्हता. एका आईला आपल्या मुलाला मारणाऱ्या बाईकडं बघताना जे वाटेल, तेवढंच तिथं होतं.

मी कप त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो हातानं बाजूला सारला. आत्या आता मला मरेपर्यंत माफ करणार नाहीत.